ग्वारीघाटचे जिवंत पाणी

शास्त्रपाठ : स्तोत्र 104:10-18, प्रेषितांची कृत्ये 14:8-18, रोमकरांस पत्र 1:18-25



गोंदियाहून जबलपूरला जाणारी छोटी रेल्वे विदर्भातल्या तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती बालाघाट, नैनपूर करीत सातपुड्याच्या जंगलातून रमतगमत येई. जबलपूर-नैनपूर दरम्यानची ती गाडी 2015 साली थांबली. आता त्या वाटेने मोठी गाडी धावते. जबलपूर जवळ आले की छोटी गाडी नर्मदेचा पूल ओलांडी आणि थोड्याच वेळात ग्वारीघाट नावाचे लहानसे स्थानक येई. तेथून नदीचा घाट जवळच आहे.

1995 सालच्या जून महिन्यात मी या गाडीने जबलपूरला परतत होतो. ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासासाठी मी त्या शहरात राहत होतो आणि गोंदियाला मावशीकडे सुट्टी घालवून येत होतो. मृगाचा पाऊस अजून पडला नव्हता. डब्यात उकाडा असह्य होता. नैनपूरला चढलेली एक वृद्ध बाई माझ्या समोर बसली होती. गाडी पुलावर आली तसे डब्यातले सारे प्रवासी खिडक्यांकडे सरकले. कोणी नाणे टाकले, कोणी नुसतेच हात जोडले. 'नर्मदे हर' असा गजर झाला. मी मात्र मांडीवरच्या पुस्तकातून मान वर केली नाही. ते पुस्तक पवित्र शास्त्र होते, हे मुद्दाम सांगतो.

त्या बाईने मला विचारले, "बेटा, हाथ नहीं जोड़ोगे?"

मी उत्तर दिले, "अम्मा, हम सृष्टि की नहीं, सृष्टि बनानेवाले की उपासना करते हैं."

ती रागावली नाही. क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाली, "तो उसी को जोड़ लो. पानी तो तुम भी पीते हो."

मी गप्प राहिलो. पूल संपला. माझे हात पुस्तकावरच होते.

वाचकहो, माझे उत्तर शास्त्रदृष्ट्या निर्दोष होते. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील पंचविसाव्या वचनावर ते आधारलेले होते आणि आजही त्यातला एक शब्दही मागे घेण्याची मला गरज वाटत नाही. उत्पन्नकर्त्याची जागा उत्पन्न केलेल्या वस्तूला देता येत नाही. परंतु त्याच अध्यायात पंचविसाव्या वचनाच्या चार वचने आधी काय लिहिले आहे, ते मी त्या दिवशी विसरलो होतो. तेथे पौल मनुष्यजातीवर पहिला आरोप ठेवतो, आणि तो मूर्तिपूजेचा नाही. सृष्टीत देवाचे सामर्थ्य दिसत असताना, त्याची ओळख पटलेली असताना, मनुष्यांनी त्याचे गौरव केले नाही आणि त्याचे उपकार मानले नाहीत, असा तो आरोप आहे. मूर्ती नंतर येतात. आधी कृतघ्नता येते. मन अंधकारमय होण्याचा आरंभ पौलाने आभार न मानण्यापासून धरला आहे.

म्हणजे त्या डब्यात पंचविसावे वचन मी पाळले होते, एकविसावे मोडले होते.

भाषांतराच्या कामात अर्धे आयुष्य गेल्यामुळे शब्दांपाशी थबकण्याची सवय मला जडली आहे. ती येथे थोडी सहन करावी. एकविसाव्या वचनात पौलाने वापरलेले ग्रीक क्रियापद 'युखारिस्तेओ' हे आहे. त्याच्या पोटात 'खारिस' म्हणजे कृपा हा शब्द आहे. वल्हांडणाच्या रात्री प्रभूने भाकर हाती घेऊन जे केले, ते सांगताना लूक हेच क्रियापद वापरतो. इब्री भाषेची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात आपल्या 'आभार मानणे' याला नेमका जुळणारा स्वतंत्र शब्द नाही. तेथे 'होदा' हे क्रियापद येते आणि त्याचा अर्थ कबूल करणे, उघडपणे मान्य करणे असा आहे. 'तोदा' हे त्याचे नाम. लेवीय 7 मध्ये उपकारस्तुतीच्या अर्पणालाही तोच शब्द आहे. पापाची कबुली आणि उपकाराची कबुली यांसाठी इब्री भाषेला एकच क्रियापद पुरते.

मराठीत 'आभार' म्हटले की त्यात 'भार' ऐकू येतो. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन होते, तेव्हा तो भार पटकन उतरवून लोक चहाकडे वळतात. आपल्या मराठी मंडळीने मात्र उपासनेसाठी 'उपकारस्तुती' हा शब्द जपला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. त्यात आधी उपकार आहे, मग स्तुती. झालेला उपकार ओळखल्याशिवाय, नाव घेऊन सांगितल्याशिवाय हा शब्द उच्चारताच येत नाही. आपण तो उच्चारतो खरे. पण उपकार कोणते, असे विचारले तर आपली यादी बहुधा घराच्या उंबरठ्याच्या आतच संपते. नोकरी लागली, मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. हे उपकार आहेतच. पण सकाळी तोंड धुतलेले पाणी त्या यादीत क्वचितच असते.

पाणी. त्या बाईने नेमके तेथेच बोट ठेवले होते.

नर्मदा हिमालयातून येत नाही. गंगेच्या उगमाशी हिमनदी आहे, तशी हिच्या माथ्यावर बर्फाची साठवण नाही. मैकल डोंगरात, अमरकंटक येथे, सुमारे एक हजार मीटर उंचीवर ती उगम पावते आणि विंध्य व सातपुडा यांच्या मधल्या खोऱ्यातून पश्चिमेकडे 1312 किलोमीटर वाहत भडोचच्या पुढे खंबातच्या आखातास मिळते. वाटेत आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेलाही ती स्पर्श करून जाते. इतक्या लांबीच्या या नदीला पाणी देतो तो केवळ पाऊस, आणि पाऊस पडतो चार महिने. मग वैशाखात, झाडांची पानेदेखील होरपळतात तेव्हा, नदीत पाणी कोठून येते? सालवृक्षांच्या जंगलातील जमिनीने आषाढ-श्रावणात जे शोषून घेतले, ते ती मातीतून आणि खडकांच्या फटींतून थेंबथेंब झिरपू देते. त्या झिरपण्याचे ओहोळ होतात, ओहोळांच्या उपनद्या होतात, आणि त्या नर्मदेस मिळतात. आता वरच्या बाजूला बरगीचे धरण आहे आणि जबलपुरापाशी उन्हाळ्यात किती पाणी यावे हे बरेचसे त्या धरणाच्या दारांवर ठरते. पण धरणही साठवते ते पावसाचेच पाणी. मे महिन्यात ग्वारीघाटावर ओंजळ भरली तर ओंजळीत गेल्या वर्षीचा पाऊस येतो. आपण तहानेने व्याकूळ होण्याच्या कित्येक महिने आधी कोणीतरी ही तजवीज करून ठेवलेली असते.

स्तोत्र 104 चा कर्ता ही तजवीज ओळखतो. देव खोऱ्यांत झरे सोडतो आणि ते डोंगरांमधून वाहतात, असे तो म्हणतो. विंध्य-सातपुड्याच्या मध्ये उभे राहून हे स्तोत्र वाचावे. पुढचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ते पाणी आधी रानपशू पितात. रानगाढवे आपली तहान भागवतात. मग काठच्या झाडांवरचे पक्षी येतात, गुरांसाठी गवत उगवते, आणि त्यानंतर मनुष्याच्या भाकरीचा, तेलाचा व द्राक्षारसाचा उल्लेख येतो. पुन्हा लगेच गंधसरू, करकोचे आणि रानबकऱ्या. मनुष्याला या पंक्तीत पान आहे, पण यजमानाच्या उजव्या हातचे पहिले पान नाही. आपल्या उपदेशांत हे स्तोत्र वाचले जाते तेव्हा आपण रानगाढवांवरून जरा घाईनेच पुढे सरकतो, असे मला वाटते.

आता 'जिवंत पाणी' या शब्दांकडे येतो. इब्रीत 'माइम हय्यीम' म्हणतात. शोमरोनी स्त्रीबरोबरच्या प्रभूच्या संभाषणामुळे (योहान 4) हे शब्द आपल्याला इतके आध्यात्मिक वाटू लागले आहेत की त्यांचा मूळचा ओला अर्थ आपण विसरतो. उत्पत्ती 26:19 मध्ये इसहाकाच्या चाकरांनी गराराच्या खोऱ्यात खणले आणि त्यांना 'जिवंत पाण्याची' विहीर लागली. तेथे कोणतेही रूपक नाही. साठवलेले नव्हे, तर झऱ्यातून उफाळणारे, वाहते पाणी एवढाच अर्थ आहे. म्हणूनच ती स्त्री प्रथम गोंधळते. विहीर खोल आहे, पोहरा नाही, मग तुमच्यापाशी झऱ्याचे पाणी कोठून, असा तिचा सरळ प्रश्न आहे. योहानानेही या कथेत दोन वेगळे ग्रीक शब्द योजले आहेत. एक 'पेगे', म्हणजे झरा. दुसरा 'फ्रेअर', म्हणजे खणलेली विहीर. ती बोलते विहिरीविषयी, प्रभू बोलतो झऱ्याविषयी.

आपल्या शेतकऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. विहीर खणताना पाझर फुटला की तो म्हणतो, 'जिवंत झरा लागला.' माझे बालपण नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात तेथे गेले. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी आम्ही आजीच्या तोंडून ऐकल्या. खडी फोडण्याची कामे, मुलांना मिळणारी सुकडी, कोरड्या विहिरींच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या बाया. गावातल्या एका विहिरीला जिवंत झरा होता, तेवढी तगली. आजी त्या विहिरीवर पहाटे जाई. पोहरा सोडण्यापूर्वी हातात दोर धरून ती क्षणभर थांबे आणि म्हणे, "देवा, तुझे उपकार." पुढे दुष्काळ सरला, घरात नळ आला, तरी सकाळी नळाची तोटी फिरवण्यापूर्वी तिचा हात तसाच थांबत असे. आम्ही नातवंडे हसत असू. ती शाळेत गेलेली नव्हती. 'तोदा' म्हणजे काय हे तिला मी कधी सांगू शकलो नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती.

त्या छोट्या गाडीत आजीचा हा थांबलेला हात मला आठवायला हवा होता. आठवला नाही. शिक्षणाने मला बरेच दिले. ही एक गोष्ट मात्र त्या वर्षांत माझ्याकडून हरवली.

आपल्या मनातली अडचण मी जाणतो. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी दोन-चार पिढ्यांपूर्वी प्रभूकडे आली. नद्या, वृक्ष, पर्वत यांना हात जोडण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी विचारपूर्वक, कित्येकदा फार मोठी किंमत मोजून सोडली. त्यांचा निर्णय हलका मानणे हा कृतघ्नपणाच होईल. पण ती रीत सोडताना नदीकडे पाहणेही सोडावे, अशी कोणाची अपेक्षा होती? रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. महाराष्ट्र त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो. ख्रिस्ताकडे येताना फुले मागे ठेवून यावे लागते, असे त्यांना वाटले नाही.

प्रेषित पौलाचे लुस्त्रातील वागणे मला या बाबतीत नेहमी मार्गदर्शक वाटते. पांगळा बरा झाल्यावर तेथील लोकांनी बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मेस ठरवले आणि पुजारी बैल व हार घेऊन आला. दोघांनी वस्त्रे फाडली, गर्दीत उडी घेतली. या व्यर्थ गोष्टी सोडून जिवंत देवाकडे वळा, हे पौलाने स्पष्ट सांगितले. त्यात त्याने भिडस्तपणा केला नाही. पण त्यापुढे तो काय म्हणाला? अब्राहामाचा, मोशेचा उल्लेख त्याने केला नाही. त्याने त्यांना पावसाची आठवण दिली. आकाशातून पडणारा पाऊस, फलदायी ऋतू, पोटभर अन्न आणि त्याने होणारा हर्ष, ही सारी देवाने तुमच्यापाशी ठेवलेली साक्ष आहे, असे तो म्हणाला. हार घेऊन आलेल्या माणसाच्या मनात कृतज्ञता आहे, तिचा पत्ता तेवढा चुकला आहे, हे पौलाने ओळखले. मी आगगाडीत पत्ता अचूक सांगितला, पण माझ्यापाशी त्या पत्त्यावर पाठवायला काहीच नव्हते.

येथे कोणी विचारील, निसर्ग काय नेहमी उपकारच करतो? रास्त प्रश्न आहे. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले. घरे पडली, माणसे गेली. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी, 1896-97 साली, हा सारा मध्य प्रांत दुष्काळाने होरपळत होता. नर्मदा वाहत होती आणि तिच्या प्रदेशात माणसे अन्नावाचून मरत होती. त्या वेळी पंडिता रमाबाई या प्रांतात आल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्यांतूनच केडगावच्या मुक्ती सदनाचे काम उभे राहिले. रमाबाईंनी स्वतःचे आईवडील तीर्थयात्रेत, दुष्काळातच गमावले होते. नद्यांच्या काठांनी त्या किती चालल्या होत्या हे त्यांनाच ठाऊक. पुढे इब्री व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि 1922 साली मृत्यूपूर्वी ते पुरे केले. त्यांच्या भाषांतरावर आम्ही भाषांतरकार आपसांत पुष्कळ वाद घालतो, पण हबक्कूकचा तिसरा अध्याय काढला की मी गप्प होतो. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरी परमेश्वराच्या ठायी आनंद, हे शब्द दुष्काळातून मुली वेचून आणलेल्या हाताने मराठीत लिहिले आहेत.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. बरगीच्या धरणामुळे मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील 162 गावांची घरे-शेते पाण्याखाली गेली. त्या जलाशयाला राणी अवंतीबाई लोधी सागर असे नाव आहे. विद्यार्थी असताना मी जे पाणी निर्धास्तपणे प्यायलो, त्यासाठी कोणीतरी आपले शेत सोडले होते. उपकारस्तुती म्हणजे उपकाराची कबुली, हा इब्री अर्थ येथे टोचू लागतो. देवाने पाऊस दिला, हे कबूल करायचे. आणि तो पाऊस माझ्या पेल्यापर्यंत येताना कोणाच्या उंबऱ्यावरून आला, हेही कबूल करायचे. सारी सृष्टी कण्हत आहे, असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो. जो तिच्याबद्दल उपकार मानतो, त्याला ते कण्हणेही ऐकावेच लागते. आपल्या मंडळीच्या सहली नदीकाठी जातात, गीते गातात, आणि मागे कागदी ताटल्या व प्लास्टिकचे पेले ठेवून येतात. इतरांच्या निर्माल्याकडे बोट दाखवण्यापूर्वी हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, एवढेच सांगतो.

गेल्या मे महिन्यात भाषांतराच्या एका बैठकीसाठी मला जबलपूरला जाण्याचा योग आला. बैठक संपल्यावर संध्याकाळी एकटाच ग्वारीघाटावर गेलो. पैलतीरावरचा गुरुद्वारा उतरत्या उन्हात पांढरा दिसत होता आणि भाविकांना घेऊन नावा ये-जा करीत होत्या. आरतीची तयारी चालली होती. पानांच्या द्रोणांत दिवे लावून बायका ते पाण्यात सोडत होत्या. एक परिक्रमावासी पायरीवर बसून आपले पाय धूत होता. त्याच्याशी बोललो तर तो साताऱ्याकडचा निघाला. त्याने मला विचारले नाही आणि मीही सांगितले नाही की मी कोण. आम्ही दोघे मराठीत पावसाविषयी बोललो. यंदा वेळेवर येईल काय, एवढेच.

तो उठून गेल्यावर मी शेवटच्या पायरीवर उतरलो. एक खंड्या नावेच्या दोरावर बसला होता. त्याने सूर मारला आणि मासा घेऊन परत तेथेच आला. मी ओंजळीत पाणी घेतले. ते कोमट होते, किंचित गढूळ. स्तोत्र 104 मला इब्रीत पाठ आहे, पण त्या वेळी एकही ओळ ओठांवर आली नाही. आजीचे तीन शब्द आले.

मग मी हात जोडले आणि डोळे मिटून स्वर्गीय पित्याची उपकारस्तुती केली. पावसाबद्दल केली, सालवृक्षांच्या मुळांबद्दल, त्या खंड्याबद्दल, 162 गावांतल्या माणसांबद्दल, आणि तीस वर्षांपूर्वी नैनपूरला गाडीत चढलेल्या त्या बाईबद्दल. डोळे उघडले तेव्हा जवळचा नावाडी माझ्याकडे पाहत होता. मी कोणाला हात जोडले, असे त्याने विचारले असते तर मी सांगितले असते. त्याने एवढेच विचारले, "उस पार चलेंगे, बाबूजी?"

मी नावेत बसलो.